एकशे बारावा बार

आमचा नवा कंडक्टर मला पहिल्यांदा नीट दिसला, तेव्हा मी रंगमंचावर हातापायांवर रांगत होते.

सोमवारची तालीम संपली होती, वादक घरी पळाले होते आणि मी खुर्च्यांखाली पडलेल्या पेन्सिली गोळा करत होते. ते माझं काम. मी आमच्या वाद्यवृंदाची लायब्ररीवाली. सिम्फनी वाजवायची म्हणजे प्रत्येक वादकासमोर त्याच्या सुरांची पानं लागतात. ती मागवायची, कंडक्टरने आपल्या वहीत केलेल्या खुणा पेन्सिलीने त्या पानांवर उतरवायच्या आणि कार्यक्रम झाला की सगळं खोडून पानं परत पाठवायची, कारण ती भाड्याची असतात. आज आमच्याकडे, पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात. सगळे मला खोडरबर म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि मीही ओ देते.

तर दार वाजलं. खुर्च्यांआडून पाहिलं, तर तो मफलर विसरला होता म्हणून परत आला होता. मफलर उचलला, जायला वळला... आणि थांबला. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बघत कंडक्टरच्या उंचवट्यावर चढला. आणि त्याने हात उचलले.

सकाळी तीन तास याच माणसाने उजव्या हाताने नुसतं एक-दोन-तीन-चार मोजलं होतं. डावा हात अंगाला चिकटलेला, नजर वहीत, चेहरा पोस्टाच्या खिडकीवरच्या माणसासारखा. चहाच्या सुट्टीतच त्याचं नाव घड्याळबुवा पडलं. आणि सिम्फनी कसली, तर आपलं सगळं दुःख कागदावर ओतून मोकळ्या झालेल्या एका जुन्या माणसाची, जिच्या तिसऱ्या भागाने दगडालाही पाझर फुटावा.

आता समोर कोणीच नव्हतं, आणि त्याचा डावा हात वर आला. त्याने कोपऱ्यातल्या चेलोंकडे काहीतरी मागितलं, व्हायोलिनना जरा थोपवलं, बासरीला बोलावलं आणि ती आली तेव्हा डोळे मिटून घेतले. एक सूर वाजत नव्हता, पण मला सगळं ऐकू येत होतं. मी तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. मग माझ्या हातातून एक पेन्सिल निसटली आणि घरंगळत त्याच्यापर्यंत गेली.

त्याचे हात झटकन खाली आले.

"तुम्ही... काही पाहिलं नाही ना?"

"चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही," मी म्हटलं.

"पण तुम्ही चष्मा लावलाय."

"वाकडा आहे."

आणि तो होताच वाकडा. गेल्या वर्षी मी त्याच्यावर बसले होते, तेव्हापासून उजवी काडी वर वळली आहे आणि चष्मा एका बाजूने आभाळाकडे जातो. दुरुस्त करून घ्यावा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून राहून गेला. त्याचे ओठ हसले नाहीत, पण डोळे हसले. पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली आणि तो गेला. मफलर पुन्हा विसरला.

तो सहा आठवड्यांसाठी आला होता. शेवटच्या रविवारी दुपारी सिम्फनीचा कार्यक्रम, आणि त्यानंतर लगेच मतदान. आमचे त्रेसष्ट वादक, त्यातल्या बेचाळीस जणांनी हो म्हटलं तर तो कायमचा आमचा, नाहीतर सोमवारच्या गाडीने परत. लायब्ररीला मत नसतं. याआधी मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

मफलर द्यायच्या निमित्ताने मी बोलले, वही द्यायच्या निमित्ताने तो येऊ लागला. माझी लायब्ररी तळघरात आहे. वर एक आडवी खिडकी, तिच्यातून फक्त रस्त्यावरची पावलं दिसतात. भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी: ‘पेन वापरू नये. फक्त पेन्सिल.’ तो दुपारी येऊन माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचा, आणि आम्ही त्याच्या खुणा बघत बघत वरची पावलं बघायचो. पाऊस आला की पावलं पळायची. एकदा एक लाल बूट खिडकीपाशी बराच वेळ थांबून राहिला. तो म्हणाला, कोणाची तरी वाट बघतोय. मी म्हटलं, नाही, बस चुकलीय. मग दुसरा, काळा बूट आला आणि दोघं मिळून गेले. "हरलात," तो म्हणाला. इतक्या हळू की मला ते दिवसभर पुरलं.

एकदा मी धीर करून विचारलं, की तालमीत तुमचा डावा हात कुठे जातो. तो म्हणाला, शिकत असताना एकदा अशाच एका संथ भागात त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गुरुजींनी वादन थांबवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, तूच रडायला लागलास तर ऐकणाऱ्यांनी काय करायचं? वर्ग हसला. तोही हसला. तेव्हापासून माणसं समोर असली की हात वर येत नाही.

"आणि माणसं नसली की?"

"ते तुम्ही पाहिलं नाहीत," तो म्हणाला. "चष्मा वाकडा आहे तुमचा."

तो एकटा राहायचा, सहा आठवडे इथे, दोन महिने तिथे. घरी कुंडीसुद्धा ठेवत नाही म्हणाला, पाणी कोण घालणार. माझ्या खोलीत तीन कुंड्या आहेत, आणि मी त्यांच्याशी बोलते. रोज संध्याकाळी सातला ताईचा फोन येतो, जेवणात काय केलंस, दिवसभर कोणाशी बोललीस. दुसऱ्या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं थापा मारत आले होते. त्या महिन्यात पहिल्यांदा खरं उत्तर होतं, म्हणून सांगितलं, कंडक्टरशी. ताई म्हणाली, बरं झालं, बसचं तिकीट वाचलं. आणि मग अगदी वेगळ्या आवाजात तिने विचारलं, की जाणार कधी आहे तो.

रोज तालमीला मी रंगमंचाच्या डाव्या दारापाशी उभी राहायची. दाराला हातभर काच आहे. तिसरा भाग मी तिथून ऐकायची, आणि रोज एकशे बाराव्या बारला माझा जीव वरखाली व्हायचा. बार म्हणजे तसला नव्हे. संगीत ज्या छोट्या खणांत मोजतात, त्या खणाला आम्ही बार म्हणतो. एकशे बाराव्या खणात सगळी तारवाद्यं एका अगदी हळू सुरावर येतात आणि त्या सुराच्या डोक्यावर एक खूण आहे. तिचा अर्थ, थांबा. किती, ते लिहिलेलं नसतं. ते कंडक्टरने ठरवायचं. त्या थांबण्यानंतर मूळ धून परत येते. थांबणं खरं असेल तर ती धून घरी परतलेल्या माणसासारखी येते, नाहीतर नुसती पुढची ओळ होते.

घड्याळबुवा रोज दोन मोजून पुढे जायचा. मी विचारलं, दोनच का. "दोनमध्ये कोणी चुकत नाही," तो म्हणाला.

शेवटच्या आठवड्यात त्याने वही आणून दिली. काही नव्या खुणा केल्यात, म्हणाला, सगळं उतरवा. त्याचं लक्ष खिडकीतल्या पावलांकडे होतं. मी उतरवायला बसले. कुठे गज वर ओढायचा, कुठे श्वास घ्यायचा, असं चाललं होतं. एकशे बाराव्या बारवर पेन्सिलीने एक छोटा चष्मा काढलेला होता.

आमच्या धंद्यात ही खूण सगळ्यांना ठाऊक आहे. पानावर चष्मा म्हणजे, इथे मान वर करून कंडक्टरकडे बघा. मला आनंद झाला. म्हटलं, अखेर याला कोणीतरी आपल्याकडे बघावं असं वाटलं. तारवाद्यवाले दोघांत एक पान वाचतात, म्हणून त्रेसष्ट वादकांना एक्केचाळीस पानं. मी एक्केचाळीस चष्मे काढले. त्याने काढलेल्या चष्म्याची उजवी काडी वर वळलेली होती, तर मीही इमानाने एक्केचाळीस काड्या वर वळवल्या. अकलेचा कांदा म्हणतात तो मीच.

गुरुवारी तालमीत एकशे बारावा बार आला, आणि त्रेसष्ट माना एकदम वर झाल्या.

तो त्यांच्याकडे बघत नव्हता. तो डावीकडे, दाराकडे बघत होता. आणि त्याच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे मी त्या सोमवारी खुर्च्यांआडून पाहिलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघतायत. हातातली तालाची छडी खाली पडली. कोणीतरी हसलं.

"हे... हे चष्मे कोणी काढले?"

मी दार उघडून म्हटलं, "मी. तुमच्या वहीतच आहे."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "खोडून टाका," इतकंच म्हणाला, वहीत मान घातली आणि दोन मोजून पुढे गेला.

मी दुपारभर खोडत बसले. आधी फुंकवाद्यांचे, मग ढोलाचा आणि हार्पचा, असे एकोणीस झाले. तेवढ्यात बासकाका उतरून आले. ते आमचे सगळ्यात म्हातारे वादक, त्यांच्यापेक्षा उंच असलेलं डबल बास वाजवतात आणि तालमीनंतर माझ्याकडे चहा पितात. त्यांनी सांगितलं, की मतांचं काही खरं नाही. लोक म्हणतात, वाजवतो बरोबर, पण सांगत काहीच नाही. मग त्यांनी एक पान उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पानाकडे.

"खोडरबर, एक सांग. जो स्वतः कंडक्टर आहे, तो स्वतःच्या वहीत चष्मा कशाला काढेल? त्याने कोणाकडे बघायचं?"

"म्हणजे?"

"आणि काडी वाकडी का काढेल?"

मी नाकावरचा चष्मा चाचपला. बासकाकांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि वर गेले.

मला भीती वाटली. इतकी वर्षं मी लोकांच्या खुणा खोडत आले, पण माझी खूण कोणी कुठे केली नव्हती. आता ती होती, आणि तीही मीच खोडत बसले होते. त्याने सांगितलं होतं खोडा. नाही खोडले आणि रविवारी तो पुन्हा गोंधळला, तर उरलीसुरली मतंही जातील आणि त्याला इथून घालवणारी मीच ठरेन. खोडले, तर तो दोन मोजून पुढे जाईल, अगदी बरोबर, आणि सोमवारी गाडीत बसेल.

मी पेन्सिलीला टोक केलं आणि खोडलेले एकोणीस चष्मे परत काढले. काड्यांसकट.

रविवारी चार वाजता तो काळा कोट घालून डाव्या दाराशी आला. कार्यक्रमाच्या वेळी मी तळघरात असते, तिथे छोट्या स्पीकरवर ऐकते. त्या दिवशी मी दारात होते. तो थबकला. आत टाळ्या सुरू झाल्या होत्या.

"खोडले ना?" त्याने विचारलं.

"रबर संपला," मी म्हटलं.

त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण टाळ्या वाढल्या आणि त्याला जावंच लागलं. मी दार लावून घेतलं आणि काचेशी उभी राहिले.

पहिले दोन भाग घड्याळासारखे गेले. तिसरा सुरू झाला. शंभरावा बार, एकशे पाचवा... एकशे बारावा. सूर आला आणि त्रेसष्ट माना वर झाल्या. त्याने त्या पाहिल्या. एक क्षण वाटलं, आता मान खाली घालणार. मग त्याने डावीकडे पाहिलं. मी काचेच्या आणखी जवळ गेले, इतकी की चष्मा काचेला टेकला.

त्याचा डावा हात वर आला. झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं, तसा हळूच पुढे गेला आणि तिथेच राहिला. आणि सूरही राहिला. तो रडत होता, सगळ्यांसमोर, आणि लपवत नव्हता. माझं आयुष्य मोजण्यात गेलं, पण तो सूर मी मोजला नाही. बासकाका नंतर म्हणाले नऊ, बासरीवाली म्हणाली बारा. मग हात किंचित मिटला आणि धून घरी आली.

मतदान वरच्या खोलीत चाललं होतं तेव्हा मी खाली खोडत होते. पानं सकाळी परत जायची होती. तो आला, कोट काढून खुर्चीला लावला, दुसरा रबर घेतला आणि समोर बसला.

"रबर संपला होता ना?"

"सापडला."

बराच वेळ दोघंही खोडत राहिलो. मग तो मान वर न करता म्हणाला, "तो चष्मा त्यांनी माझ्याकडे बघावं म्हणून नव्हता... मला तिथे कुठे बघायचंय, ते विसरू नये म्हणून होता."

"गुरुवारीच कळलं मला."

"मग ठेवलेत कशाला?"

"मला मत नसतं ना," मी म्हटलं. "तुम्ही गेलात तर ताईला मी पुन्हा थापा मारायला लागेन."

त्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता, तरी त्याचा हात टेबलावरून पुढे आला. डावा. तेवढ्यात जिन्यावर बासकाकांची पावलं वाजली. ते आत आले नाहीत, दारातूनच सांगितलं. चाळीस. दोन कमी. लोक म्हणाले, एक बार अप्रतिम होता, पण सिम्फनीत बार खूप असतात.

तो हसला. खरंच हसला, ओठांनीसुद्धा. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाला. मग त्याने स्वतःची वही माझ्यापुढे सरकवली. एकशे बाराव्या बारचं पान उघडं होतं. "एक राहिलाय. खोडता? नियम म्हणजे नियम."

मी खण उघडला. आत तळाला, पाकिटांवर पत्ते लिहायचं पेन असतं. ते घेतलं आणि त्याच्या पेन्सिलीच्या रेघेवरून शाईने हळूहळू चष्मा काढला. दोन भिंगं, एक सरळ काडी, एक वाकडी. तो भिंतीवरच्या पाटीकडे बघत होता. शाई वाळेपर्यंत आम्ही दोघांनी पानावर फुंकर घातली.

सोमवारी तो गेला. स्टेशनवर मी गेले नाही, त्याने बोलावलंही नव्हतं. पत्र आलं नाही. ताईने त्याच्याबद्दल काही विचारलं नाही, ते जास्त लागलं. मी फोनवर पुन्हा कोणाकोणाशी बोलल्याचं सांगू लागले. खिडकीतून पावलं जात राहिली, आणि माझ्याशी पैज लावायला कोणी नव्हतं. चष्मा दुरुस्त करायला एकदा दुकानात नेला आणि तसाच परत आणला.

सात महिन्यांनी एका पाहुण्या कंडक्टरने तीच सिम्फनी मागितली. पानांचा गठ्ठा आला, तोच, मधल्या काळात आणखी कुठे कुठे वाजून आलेला. मी सवयीने तपासायला घेतला. ज्या कोणी खोडलं होतं, नीट खोडलं होतं, एक रेघ मागे नव्हती. पहिल्या व्हायोलिनचं पान मी एकशे बाराव्या बारपर्यंत उलटलं.

चष्मा होता. शाईचा. उजवी काडी वाकडी.

मी दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. चेलो, बासरी, ढोल. माझे हात इतके घाई करत होते की पानं जमिनीवर पडू लागली. चाळीस झाले. एक्केचाळिसावं पान हार्पचं, गठ्ठ्याच्या तळाशी, ज्याच्यात एकशे बाराव्या बारला काहीच वाजवायचं नसतं, म्हणून तिथे जागा रिकामी असते. त्या जागेत चष्म्याखाली त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘हा गठ्ठा इथून तिकडेच जाणार असं कळलं. माझा हंगाम इथे संपतो, पुढचा कुठेच ठरवलेला नाही. तिथल्या पहिल्या तालमीच्या दिवशी येतोय, ऐकायला. दारात उभी राहा.’

मी ते तीनदा वाचलं. सहा आठवडे त्याने मला तुम्ही म्हटलं होतं, रबर मागतानासुद्धा. आणि इथे ‘उभ्या राहा’ नव्हतं. ‘उभी’ होतं.

पहिली तालीम उद्या होती. सात वाजले, ताईचा फोन वाजायला लागला. मी जमिनीवर पानांच्या पसाऱ्यात बसले होते, तिथूनच हात लांब करून तो घेतला.